दोन नंबरच्या मालाचं काय होतं?

टोमॅटोचा तोडा चालू असला की बांधावर झाडाखाली एक ताडपत्री पसरलेली दिसते. सऱ्यांमधून भरून आणलेल्या बादल्या तिच्यावर ओतल्या जातात आणि दोघी-तिघी बाया तिथंच मांडी घालून निवडायला बसतात. गप्पा चालू, हात चालू. लाली धरायला लागलेला, गोल, टणक माल एका क्रेटमध्ये. जास्त पिकलेला दुसरीकडे, तो जवळच्या बाजारासाठी. उरलेलं सगळं तिसऱ्या ढिगात: देठाजवळ चिरलेला, एका अंगानं चपटा, उन्हानं पांढरा चट्टा पडलेला, लिंबाएवढाच राहिलेला. या तिसऱ्या ढिगातला एखादा टोमॅटो सदऱ्याला पुसून खाल्ला तर चवीत काडीचा फरक कळत नाही. तरी बाजारात तो दोन नंबरचा, आणि दिवस वाईट असला तर तीन नंबरचा.

या ढिगाबद्दल शहरात हल्ली बरंच बोललं जातं. 'लोकांना सुंदर भाजी हवी असते, म्हणून वाकडीतिकडी भाजी वाया जाते' असा त्याचा साधारण सूर असतो. हे खोटं नाही, पण त्यातून खरी अडचण कळत नाही. माझ्या मते लहान शेतकऱ्याची कुरूप भाजी वाया जाते ती गाडीभाड्यापायी, दिसण्याचा दोष त्यानंतरचा. ते कसं, हे एका क्रेटवरून पाहू.

एका क्रेटचा हिशेब

टोमॅटोचा क्रेट साधारण २० किलोचा. पुढचे आकडे मी हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. गावागणिक आणि हंगामागणिक ते बदलतात. समजा तोडणी, निवड आणि भरणी मिळून क्रेटमागे ३० रुपये मजुरी पडते. बाजारापर्यंतचं गाडीभाडं २५ रुपये. हमाली, तोलाई आणि असला किरकोळ खर्च १५ रुपये. झाले ७० रुपये. यात रोपं, खत, औषधं, मल्चिंग, बांबू, तार, सुतळी काहीच धरलेलं नाही. माल झाडावरून बाजाराच्या ओट्यावर नेण्याचा तेवढा हा खर्च.

एक नंबरला किलोला १२ रुपये मिळाले तर क्रेटचे २४० रुपये होतात, खर्च वजा जाता १७० उरतात. दोन नंबरला ४ रुपये मिळाले तर क्रेटचे ८०, आणि हातात १०. तीन नंबर २ रुपयांनी गेला तर पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, ४० रुपये दिसतील आणि ३० रुपये खिशातून जातील. तोडणीची मजुरी आधीच देऊन झालीय, ती काही परत येत नाही, असं मानलं तरी उरलेलं भाडं आणि हमाली बरोबर ४० होते. म्हणजे माल नेला काय आणि बांधावर ठेवला काय, सारखंच. शेतकरी तो बांधावर ठेवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

वाकड्या टोमॅटोला भाडं कमी लागत नाही, तो तोडायला वेळही कमी लागत नाही, फक्त त्याची किंमत कमी असते. भाव जसजसा खाली येतो तसतशी पहिल्यांदा कुरूप मालाची वाहतूक परवडेनाशी होते, मग मध्यम मालाची, आणि भाव अगदीच तळाला गेला की एक नंबरचीसुद्धा. मग शेतात जनावरं सोडतात किंवा रोटाव्हेटर फिरवतात.

मग दोन नंबर एक नंबरमध्ये मिसळून का नेत नाहीत? कारण लिलावात भाव फुटतो तो क्रेट बघून. नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, व्यापारी वरचा थर बघून थांबत नाही, एखादा क्रेट ओतूनही पाहतो. चार किलो चिरका माल निघाला की सगळ्या ढिगाचा भाव उतरतो, वर त्या शेतकऱ्याच्या मालाकडे पुढचे दोन-तीन तोडे संशयानं पाहिलं जातं. शिवाय चिरलेला टोमॅटो गळतो, त्याचा रस खालच्या फळांवर पडतो आणि दिल्लीला पोहोचेपर्यंत अर्ध्या क्रेटला बुरशी धरते. म्हणून बांधावरची निवड ही चोचलेबाजी नाही.

प्रत भावाबरोबर हलते

दोन नंबर कशाला म्हणायचं याची रेघ पक्की नसते. २०२३ चं साल आठवा. मे महिन्यात नाशिक भागात टोमॅटोला किलोमागे एक-दोन रुपये मिळत होते आणि शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. तो धुतलेला, गोल, एक नंबरचा माल होता. जुलैत शहरांमध्ये तोच टोमॅटो शंभरीच्या पुढं गेला, काही ठिकाणी दोनशेच्या घरात. केंद्र सरकारला नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत टोमॅटो खरेदी करून मोठ्या शहरांत सवलतीनं विकावा लागला. त्या महिन्यात चिरका, चपटा, डागी, लिंबाएवढा, सगळा टोमॅटो विकला गेला, आणि गिऱ्हाइकानं तो हसत नाही तरी निमूट घेतला. सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळले आणि 'दोन नंबर' परत आला.

कुरूपपणाची व्याख्या तुटवड्यात सैल होते आणि मुबलक आवकेत आवळते. म्हणून 'कुरूप भाजी किती टक्के निघते' या प्रश्नाला एक आकडा नसतो. त्या दिवशी आवक किती आहे यावर तो ठरतो.

कांद्याच्या बाजारात ही उतरंड आणखी स्पष्ट आहे, कारण तिथं प्रत्येक पायरीला नाव आहे. लासलगावकडे मोठ्या कांद्याखाली गोल्टी, म्हणजे छोटा कांदा, त्याखाली खाद. शिवाय जोड कांदा (एकात दोन) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) वेगळे. इथं मात्र दिसण्यामागं कारण असतं. जोड कांदा आणि डेंगळा आलेला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, महिना-दोन महिन्यांत आतून सुटतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. त्याला कमी भाव देणारा व्यापारी कांद्याच्या रूपाचे पैसे कापत नसतो, पुढच्या सडीचे कापत असतो. गोल्टीचं तसं नाही. गोल्टी छान टिकते, चवीला तिखट असते, फक्त सोलायला वेळ घेते. प्रतवारीत टिकाऊपणाची पारख असते आणि नुसती सवयही असते, आणि दोन्हींना बाजार एकाच पट्टीनं मोजतो.

भाजी वाकडी का होते

काकडीपासून सुरुवात करू. साध्या वाणांत काकडीचं फूल मधमाश्यांनी पुन्हा पुन्हा भेट दिली तरच नीट फळतं. परागकण कमी पडले, तर ज्या बाजूला बी धरत नाही ती बाजू फुगत नाही आणि काकडी तिकडं वाकते, किंवा टोकाला निमुळती राहते. वेलाला पाण्याचा ताण बसला तरी तेच. काकडी जमिनीला किंवा तारेला टेकून वाढली तरी वाकते. पॉलिहाउसमधली काकडी एकसारखी सरळ दिसते, कारण तिथं परागीभवनाशिवाय फळणारे वाण लावतात आणि फळं लोंबती वाढतात. सरळ काकडी म्हणजे चांगली शेती, असं त्यामुळं म्हणता येत नाही. ती वेगळ्या पद्धतीची आणि जास्त भांडवलाची शेती असते.

गाजराला दोन-तीन पाय फुटतात ते खाली दगड, ढेकूळ किंवा कडक थर लागल्यानं. शेणखत कच्चं असलं किंवा जमिनीत सूत्रकृमी असले तरीही फुटतात. टोमॅटो चिरतो तो पाण्याच्या चढउतारानं: आठवडाभर जमीन सुकी आणि मग एकदम पाऊस, आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्यानं, आणि यामागंही बहुतेक वेळा पाण्याचा अनियमितपणाच असतो. जमिनीत कॅल्शियम भरपूर असून उपयोग होत नाही. फूल तयार होताना थंडी पडली की टोमॅटोच्या तळाशी सुरकुत्या आणि भेगांचा गुंता दिसतो. ढोबळी मिरचीचे कप्पे वेडेवाकडे होतात तेही थंडीत परागीभवन नीट न झाल्यामुळं.

या यादीत पाणी किती वेळा आलं ते पाहा. ज्याच्याकडं शेततळं आणि ठिबक आहे त्याचा माल एकसारखा निघतो. ज्याच्या विहिरीला मार्चपासून दोन तासच पाणी आहे आणि वीज रात्री येते, त्याच्या मालात चिरका आणि वाकडा जास्त. भाजी कुरूप निघण्याचं प्रमाण सगळ्या शेतांवर सारखं नसतं, आणि बाजारातली कपात सर्वांत जास्त त्याच्याच वाट्याला येते ज्याला ती सोसत नाही. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार. यातला बराच शेतकरी कोरडवाहू आहे.

युरोपातली काकडी

सरळ काकडीचा विषय निघाला की युरोपीय महासंघाचा किस्सा सांगितलाच जातो: तिथं म्हणे वाकड्या काकडीवर बंदी होती. १९८८ चा तो नियम खरा आहे. वरच्या प्रतीच्या काकडीला १० सेंटिमीटर लांबीमागं १० मिलिमीटरपर्यंतच बाक चालत असे. बंदी मात्र नव्हती. जास्त वाकडी काकडी खालच्या प्रतीत जायची, आणि तिच्यासाठी वेगळं पॅकिंग करावं लागायचं. नियमामागचं कारणही रुक्ष होतं: सरळ काकड्या खोक्यात मोजून बसतात, आणि न बघता फोनवर सौदा करणाऱ्याला काय येणार ते आधी कळतं. आपल्याकडं अ‍ॅगमार्कची प्रतवारी (मूळ कायदा १९३७ चा) किंवा २०१६ मध्ये सुरू झालेला ई-नाम हा सरकारी ऑनलाइन बाजार, दोन्हींमागं हाच विचार आहे. दूरचा व्यापारी मालाला हात लावू शकत नाही, म्हणून त्याला प्रत सांगावी लागते.

महासंघानं १ जुलै २००९ पासून काकडी, गाजर, वांगी, कांदा, फ्लॉवर अशा २६ फळभाज्यांची ही मानकं काढून टाकली. सफरचंद, टोमॅटो, द्राक्षं, ढोबळी मिरची अशा दहांची ठेवली. व्यापाराच्या किमतीत तीन-चतुर्थांश वाटा या दहांचाच होता. मग वाकड्या काकड्यांचा पूर आला का? नाही. सरकारी नियम गेला तरी मोठ्या दुकानांच्या खरेदीच्या अटी होत्याच, आणि त्या सरकारी नियमाहून कडक असू शकतात. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या इंटरमार्शे या दुकानसाखळीनं 'कुरूप' फळभाज्या ३० टक्के स्वस्तात विकायला ठेवल्या आणि त्याची जगभर चर्चा झाली. पोर्तुगालमध्ये फ्रुता फेइया नावाची सहकारी संस्था २०१३ पासून थेट शेतकऱ्यांकडून असा माल घेऊन सभासदांना टोपल्या भरून देते. मला यातलं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात भाड्याचा प्रश्न सोडवलेला आहे: गिऱ्हाईक आधीच ठरलेलं, टोपली ठरलेली, फेरी ठरलेली.

आपल्याकडं काय वेगळं आहे

युरोपातली मोहीम उचलून इथं लावायची घाई होते तेव्हा एक गोष्ट सुटते. आपल्याकडं कुरूप भाजीला गिऱ्हाईक आहे, आणि पूर्वीपासून आहे. बाजार समितीत सकाळी जे उरतं ते हातगाडीवाला उचलतो, त्याच्याकडून उरलेलं संध्याकाळी खानावळीत, वडापावच्या गाडीवर, चायनीजच्या टपरीवर जातं. चिरलेला टोमॅटो ग्रेव्हीत जाणार असेल तर तो चिरलेला होता का हे कोण विचारतो? आठवडी बाजारात शेवटच्या तासाला वाटा लावून विकतात. शहराच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या आतला माल, कितीही वाकडा असो, सहसा कुणाच्या तरी पोटात जातो. जो जात नाही तो बाजारापासून दूर, मोठ्या आवकेच्या दिवशी, भाडं न परवडणारा.

अलीकडं मात्र या उतरंडीत एक नवी पायरी वरून आली आहे. मॉल, घरपोच भाजी देणारी अ‍ॅप आणि निर्यातदार यांची संकलन केंद्रं थेट गावात उघडली आहेत. भाव बरा, वजन चोख, पैसे खात्यात. शेतकऱ्याला ते हवंच असतं. पण केंद्र घेतं ते निवडून, ठरलेल्या आकाराचं, रंगाचं, वजनाचं. नाकारलेला माल शेतकऱ्यानं परत न्यायचा. तो पुढं बाजार समितीत जातो तेव्हा त्यातून वरची साय आधीच काढलेली असते, आणि लिलावात त्या ढिगाला पूर्वीच्या मिश्र मालापेक्षा कमी भाव येतो. केंद्रात मिळालेला जास्तीचा रुपया इथं किती जातो, हे प्रत्येकानं आपल्या पट्ट्या समोर ठेवून मोजावं. उक्त्या सौद्यात, म्हणजे उभा प्लॉट एकरकमी देताना, ही भानगड व्यापाऱ्याच्या गळ्यात असते. म्हणून घासाघीस होऊनही काही जण उक्तंच देतात.

दिसण्यावरून भाव कसा पडतो याचं टोकाचं उदाहरण मे २०२० मधलं. संगमनेर, अकोले, जुन्नर भागात टोमॅटोवर लाल-पिवळे पट्टे आणि डाग दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. नमुने बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडं गेले आणि काकडीवरच्या मोझॅक विषाणूसह काही वनस्पती-विषाणू त्यात सापडले. हे विषाणू झाडाला होतात, माणसाला होत नाहीत. पण करोनाचे दिवस, त्यात 'टोमॅटोत विषाणू' अशी बातमी. लोक टोमॅटोकडं बघेनात आणि निरोगी लाल मालाचाही भाव बसला. ज्यांचं पीक रोगानं आधीच गेलं होतं त्यांना हा दुसरा फटका.

मोजणीत काय येतं

नाबार्डची सल्लागार कंपनी नॅबकॉन्स, तिच्या २०२२ च्या अभ्यासात काढणीपासून पुढं टोमॅटोची नासाडी ११.६१ टक्के धरली आहे, आणि फळभाज्यांमध्ये सर्वांत जास्त पेरूची, १५.०५ टक्के. धान्य, दूध, मांस सगळं धरून देशाचं नुकसान वर्षाला सुमारे १ लाख ५३ हजार कोटी रुपये. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना काढणीनंतर दुकानापर्यंतची गळती सुमारे १३ टक्के सांगते. त्यापुढं दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो. त्यातलं ६० टक्के घरांमधलं.

पण हे सगळे आकडे काढणीनंतरचे आहेत. जो टोमॅटो झाडावरच सोडला, ज्या कोबीवर मेंढरं बसवली, जी मेथी नांगरून टाकली, ती यात नाही. कागदोपत्री ती 'नासाडी' होतच नाही, कारण तिची काढणीच झाली नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग-संवर्धन संस्थेनं २०२१ मध्ये शेतावरच वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज १२० कोटी टन असा काढला होता. अंदाजच तो, पण आपण किती मोठा ढीग मोजणीबाहेर ठेवतो हे त्यावरून कळतं. शेतात कुजलेली भाजी निदान मातीत जाते. शहरातल्या कचरा डेपोत दबलेली मात्र हवेशिवाय कुजते आणि मिथेन सोडते. शेतातला ढीगही निरुपद्रवी असतो असं नाही. किडका टोमॅटो झाडाखाली राहिला तर त्यातली अळी पुढच्या फळांवर चढते, म्हणून तो वेचून खड्ड्यात पुरायला पुन्हा मजूर लावावा लागतो.

'प्रक्रिया उद्योग काढा'

हा सल्ला प्रत्येक सभेत मिळतो. त्यातला हिशेब मात्र कुणी सांगत नाही, म्हणून तो करू. खायच्या टोमॅटोत साधारण साडेचार टक्के विद्राव्य घन पदार्थ असतात, बाकी जवळपास सगळं पाणी. बाजारात चालणारी पेस्ट २८ टक्क्यांची लागते. म्हणजे एक किलो पेस्टला सहा किलोच्या वर टोमॅटो, अधिक पाणी उडवायचं इंधन. त्यामुळं कारखाना टोमॅटोला फार भाव देऊ शकत नाही, आणि दोन-चार रुपयांत आपला खर्च जेमतेम निघतो किंवा तोही निघत नाही हे वर पाहिलंच. प्रक्रियेचे वाण वेगळे असतात, जाड गराचे, कमी पाण्याचे. आपला दोन नंबर म्हणजे बाजारासाठी लावलेल्या वाणाचा नाकारलेला माल. तो कारखान्यात चालतो, पण कारखान्याला तो पहिल्या पसंतीचा नसतो.

दुसरी अडचण परिमाणाची. एक एकरवाल्याच्या एका तोड्यात दोन नंबरचे पाच-सहा क्रेट निघतात. तेवढ्यासाठी कुणाची गाडी येत नाही. शंभर जणांचा दोन नंबर एका ठिकाणी आला तर गाडी भरते. म्हणून हे काम एकट्या शेतकऱ्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपन्यांना जमलं. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे त्यातलं मोठं नाव. तिथं ताज्या मालाचा व्यापार आणि टोमॅटो प्रक्रिया एकाच छताखाली आहेत, त्यामुळं एका ओळीतून नाकारलेला माल दुसऱ्या ओळीत जाऊ शकतो.

वाळवण्यात हिशेब थोडा बरा बसतो, कारण पाणी उडवायला ऊन फुकट आहे आणि पाणी शेतावरच उडालं तर भाडं वाचतं. दहा किलो कांद्याचा किलो-सव्वा किलो वाळका माल होतो. दहा किलोऐवजी एकच किलो न्यायचा. मुंबईच्या एसफॉरएस टेक्नॉलॉजीजनं हेच केलं: सौर वाळवणी यंत्रं मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांना दिली, त्या गावातला कमी प्रतीचा कांदा-भाजी चिरून वाळवतात आणि कंपनी तो माल खाद्य उद्योगांना विकते. २०२३ चं अर्थशॉट हे पर्यावरणासाठीचं पारितोषिक त्यांना मिळालं. एवढं करायला यंत्रापेक्षा खात्रीचा खरेदीदार जास्त लागतो. नुसतं यंत्र घेतलेले बचत गट मी पाहिले आहेत. अंगणात यंत्र, त्यात कपडे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान २०२० मध्ये सुरू झालं, पण अर्ज करण्याआधी 'घेणार कोण' याचं उत्तर हातात असावं. आपल्या आज्यांनी कोहळ्याचे सांडगे आणि भरल्या मिरच्या वाळवल्या तेव्हा खाणारे घरातच होते.

त्यापेक्षा साधा इलाज म्हणजे भाडं कमी करणं. कृषी पणन मंडळाच्या संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजारात शेतकरी थेट विकतो आणि गिऱ्हाइकाशी बोलतो. वाकडी काकडी का वाकडी आहे हे सांगायला समोर माणूस असला की ती विकली जाते. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच टेम्पो लावला तर क्रेटमागचे ते २५ रुपये खाली येतात, आणि किलोला २ रुपये मिळणारा माल नेण्याच्या लायकीचा होतो. आणि ढीग करून निवडलेला, एरवी उन्हात दोन तास पडून राहणारा माल सावलीत ठेवला तरी एक नंबरचा दोन नंबर व्हायचा थांबतो. याला अनुदान लागत नाही.

घेणाऱ्यानं काय पाहावं

भाजीवाल्याच्या गाडीवर नासाडी गिऱ्हाईकही करतं. भेंडी कोवळी आहे का पाहायला टोक मोडायचं आणि मोडलेली परत टाकायची, हा आपला राष्ट्रीय छंद आहे. मोडलेली भेंडी तासाभरात काळी पडते. टोमॅटो दाबून बघण्याचं तेच. अंगठ्याचा ठसा दुसऱ्या दिवशी डाग होतो.

बिनधास्त घ्यावं असं: वाकडी काकडी, पाय फुटलेलं गाजर, वेडीवाकडी ढोबळी, गोल्टी कांदा, उन्हाचा चट्टा पडलेला टोमॅटो (तो भाग कापून), देठाजवळ चीर पडून सुकलेला टोमॅटो. अंगावर खरखरीत पुटकुळ्या असलेली भेंडीही. ती बहुधा किडीच्या चाव्याची खूण असते, आतून भेंडी ठीक असते. जोड कांदा घ्यावा, पण आठवड्याभरात संपवावा. काळ्या बुडाचा टोमॅटो काळं काढून शिजवता येतो.

घेऊ नये असं: चीर ओली आणि बुरशी धरलेली असेल तो टोमॅटो, कारण मऊ फळात बुरशी दिसते त्याच्या पलीकडंही गेलेली असते. हिरवा पडलेला बटाटा. उजेडानं त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, ते शिजवून जात नाही. थोडंसं हिरवं असेल तर खोल कापून काढावं, जास्त असेल तर टाकून द्यावा. आणि दुधी: चिरल्यावर एक फोड जिभेला लावून पाहावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं कडू दुधीचा रस न पिण्याचा इशारा दिलेला आहे, कारण त्यातल्या कुकुरबिटासिन या कडू द्रव्यामुळं उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत. कडू लागला तर दुधी टाकायचा, मग तो गाडीवरचा सगळ्यात सरळ आणि तुकतुकीत का असेना.